नानांच्या सत्काराच्या सीड्या

"शंभर वर्षांची काही सोय आहे का गं तुझ्या कॉम्प्युटरात?"

मी कॉलेजला निघायच्या घाईत माझा डबा भरत होते. नानांनी घट्ट झाकणाचा एक पत्र्याचा डबा ओट्यावर आणून ठेवला आणि त्यावर हात ठेवून उभे राहिले.

"कशाची शंभर वर्षं, नाना?"

"ह्यांची."

त्यांनी झाकण उघडलं. आत काठोकाठ सीड्या होत्या. प्रत्येक सीडीवर नानांचा फेटा बांधलेला फोटो गोल कापून चिकटवला होता आणि मधलं भोक नेमकं नाकाच्या जागी आलं होतं.

"डबा माझा हाय," गॅसपाशी उभ्या असलेल्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या. "चकलीचा. माझ्या चकल्या दोन दिवसांत मऊ पडतात आणि ह्यांची भाषणं बघ कशी कुरकुरीत राहिलीत."

माझे सासरे, रंगनाथ पिसाळ, तासगावातल्या एका शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. निवृत्तीच्या दिवशी त्यांचा जो सत्कार सुरू झाला तो पुढे थांबला नाही. द्राक्ष बागायतदारांनी केला, तालीम मंडळाने केला, ज्येष्ठ नागरिकांनी तर दोनदा केला, कारण मधे त्यांच्यात फूट पडून दोन संघ झाले होते. सत्कार एक वेळ राहिला तरी चालेल, पण शूटिंग राहता कामा नये, असा नानांचा दंडक होता. सीडी घरी आली की ते फोटो चिकटवायचे, ती डब्यात ठेवायचे आणि झाकण लावायचे. लावून बघायचे मात्र नाहीत. वापरल्याने वस्तू झिजते, असं त्यांचं म्हणणं.

मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवत होते, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. माझा नवरा सुहास तेव्हा नोकरीसाठी चाकणला असायचा, शनिवारी घरी यायचा. वडिलांच्या सीड्यांपासून तो पहिल्यापासूनच लांब राहिला होता.

"साध्या सीड्या दहा-पंधरा वर्षांत खराब होतात असं पेपरात आलंय," नाना म्हणाले. "तेव्हा सगळं एकदा व्यवस्थित उतरवून घ्यायचं. एक प्रत घरी, एक शाळेत, एक वाचनालयात. उद्या कुणाला माझ्यावर पीएचडी करायची झाली तर साधनं नकोत?"

"उद्याच येतोय का तो?" आईंनी विचारलं. "म्हणजे जास्तीची भाजी आणायला."

नानांनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्यांना पंच्याहत्तरावं लागणार होतं आणि त्यांच्या अमृतमहोत्सवासाठी समिती स्थापन झाली होती. समितीचे अध्यक्ष माळी सर. नानांच्या हाताखाली शिक्षक म्हणून लागलेले आणि अजून त्या हाताखालून बाहेर न आलेले. कार्यक्रमाच्या आधी सगळा ठेवा सुरक्षित व्हावा, असा समितीचा ठराव झाला होता. ठराव नानांनीच लिहिला होता.

त्या रविवारी मी कामाला बसले. पहिली सीडी कॉम्प्युटरमध्ये घातली तर आत घरघर झाली आणि ती अडकूनच बसली. चिमट्याने ओढून काढली तेव्हा नानांचा अर्धा फेटा आतच राहिला. चिकटवलेले कागद जागोजागी फुगले होते. डिंकाने काही सीड्यांवर डागही पडले होते.

"नाना, हे फोटो कशाला चिकटवले?"

"ओळख पटावी म्हणून."

"फोटोमुळेच त्या चालत नाहीत."

हे त्यांना पटलं नाही. फोटो चांगल्या स्टुडिओत काढलेला होता, असं ते म्हणाले.

बाहेरच्या खोलीत एक जुना, जाडजूड प्लेअर होता. त्यात मात्र सीड्या चालल्या. त्याला टीव्हीशिवाय दुसऱ्या कशाला जोडायची तार माझ्याकडे नव्हती, आणि गावात ती कुठे मिळाली नाही. मग मी कॉलेजातला व्हिडिओ कॅमेरा आणला, टीव्हीसमोर तिवईवर उभा केला आणि टीव्हीवर दिसेल ते शूट करायला सुरुवात केली. पद्धत बाळबोध होती, पण भाषण ऐकू येत होतं आणि नाना दिसत होते. पीएचडी करणाऱ्याला आणखी काय हवं होतं?

पहिल्या संध्याकाळी नाना स्वतः येऊन बसले. पडद्यावरचे नाना बोलायला लागले की खुर्चीतल्या नानांचे ओठ हलायचे. टाळ्यांच्या जागी ते मान तुकवायचे. दुसऱ्या दिवसापासून समितीच्या बैठका सुरू झाल्या आणि त्यांना वेळ मिळेनासा झाला. मग आई येऊन बसू लागल्या. टीव्ही अडकल्यामुळे त्यांची मालिका बुडत होती. त्या मांडीवर परात घेऊन गवार मोडायच्या आणि समोर जे लागलं असेल ते बघायच्या.

आणि बोलायच्या.

"हा फेटा भाड्याचा. दुसऱ्या दिवशी परत द्यायला मीच गेले होते. आतनं तेलाचा डाग पडला म्हणून त्या माणसानं किती ऐकवलं मला."

पडद्यावर नाना स्त्रीशिक्षणावर बोलत होते. घरातली बाई शिकली की घर शिकतं, वगैरे.

"मी सातवी पास," आई म्हणाल्या. "बघायला आले तेव्हा म्हणाले, लग्न झाल्यावर पुढं शिकवू. अजून शिकवतायत."

मला हसू आवरेना. आई हसत नव्हत्या. त्या शेंगेची शीर काढत होत्या.

मग निवेदकाने पुकारलं, "सौभाग्यवती हौसाताईंचा सत्कार." पडद्यावर तरुणशा आई डोक्यावरचा पदर सावरत पुढे आल्या, नारळ घेतला, वाकून नमस्कार केला आणि मागच्या खुर्चीत जाऊन बसल्या.

"झालं माझं भाषण," शेजारच्या आई म्हणाल्या.

सात-आठ सीड्या झाल्यावर मी शूट केलेलं तपासायला बसले, तेव्हा माझ्या लक्षात आलं. कॅमेऱ्याने टीव्हीचा आवाज घेतला होता तसा खोलीतलाही घेतला होता. प्रत्येक भाषणावर आईंचा आवाज होता. स्वच्छ, जवळून आलेला, नानांपेक्षा ठसठशीत. मधूनमधून माझं खिदळणंही होतं.

मी आईंना बोलावलं आणि ऐकवलं. त्या उभ्यानेच ऐकत राहिल्या.

"हे मीच का?"

"तुम्हीच. कॅमेरा खोलीतलं सगळं घेतो, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. सगळ्या परत कराव्या लागणार."

"ह्यांचं भाषण ऐकायला येतंय का त्यात?"

"ते येतंय."

"मग परत कशाला करायचं?"

"आई, ही प्रत शाळेत जाणार. वाचनालयात जाणार."

"मग तर राहू दे," त्या म्हणाल्या. "मी पण होतेच की तिथं. मागच्या खुर्चीत."

नाना बाहेरून आल्यावर मी त्यांना गाठलं. "नाना, झालेल्या सीड्या एकदा बघून घ्या. मधे आवाज आलेत."

"अगं, टाळ्यांचे असणार," ते म्हणाले आणि समितीला फोन लावायला गेले.

दुसऱ्या दिवशी आदर्श मुख्याध्यापक पुरस्काराची सीडी लावायची होती. नानांच्या मते तो त्यांच्या आयुष्यातला सर्वोच्च क्षण. त्या दिवशी आई परात न घेता आल्या. नेहमी दाराजवळ बसायच्या, त्या दिवशी कॅमेऱ्याजवळ बसल्या. मी बटण दाबलं. त्यांनी एकदा कॅमेऱ्याकडे बघितलं, मग पडद्याकडे. सुरुवातीला त्यांनी मला पुष्कळ हसवलं. मग पडद्यावर नाना भाषणाला उभे राहिले, आणि त्यांच्या भाषणाच्या मधे आई जे बोलल्या ते ऐकून मी सीडी थांबवायला हात पुढे केला. आईंनी माझा हात धरला.

"चालू दे," त्या म्हणाल्या.

कार्यक्रमाच्या आठवड्यात माळी सर घरी आले. समारंभाची सुरुवात नानांच्या गाजलेल्या एखाद्या भाषणाने व्हावी, मोठ्या पडद्यावर ते दाखवावं, अशी समितीची इच्छा होती.

"सर, आपण सांगाल ते."

"आदर्श मुख्याध्यापकाचं लावा," नाना म्हणाले.

मी पुढे झाले. "नाना, ते लावायच्या आधी तुम्ही बघाच. खरंच बघा. त्यात आई बोलल्यात."

"हौसा?" नाना हसले. माळी सरही हसले, पण नाना हसल्यावर. "ती कधी बोललीय? तिला माईक दिला तर ती नमस्कार करते. सूनबाई, माझं भाषण मला पाठ आहे. मी ते बघून काय करू?"

मी स्वयंपाकघरात गेले. आई तांदूळ निवडत होत्या.

"आई, त्यांनी तेच निवडलंय. तुम्ही सांगा त्यांना. नाहीतर मी त्यातला आवाज काढून टाकते. नुसतं चित्र दाखवू."

"त्यांनी स्वतः निवडलं?"

"हो."

"मग लाव की," त्या म्हणाल्या आणि एक खडा काढून बाजूला टाकला. "मी न्हाई म्हटलेलं कधी ऐकलंयस का तू?"

मंगल कार्यालय भरलं होतं. व्यासपीठावर मधल्या खुर्चीत नाना, नवा फेटा, नवं उपरणं. त्यांच्या शेजारी आई. जरीची साडी आणि हातात रुमाल. मी आणि सुहास पहिल्या रांगेत बसलो होतो. पडदा व्यासपीठाच्या मागच्या भिंतीवर होता आणि कर्णे लोकांच्या बाजूला तोंड करून लावले होते. त्यामुळे व्यासपीठावर बसणाऱ्यांना मान वळवल्याशिवाय चित्र दिसत नव्हतं, आणि आवाजही तिथे नुसता घुमत, अस्पष्ट पोचायचा. नानांनी मान वळवली नाही. तसं करणं त्यांना शोभलं नसतं. ते लोकांचे चेहरे बघत बसले.

माळी सरांनी खूण केली आणि पडद्यावर एक गृहस्थ मानपत्र वाचायला लागले. "आपल्या वाणीवर सरस्वती, आपल्या लेखणीत..."

"हे मानपत्र ह्यांनीच लिहिलंय," आईंचा आवाज सभागृहात आला. "रात्री मला वाचून दाखवलं. शेवटच्या ओळीला स्वतःच रडले."

सभागृहात हशा पिकला. नानांना वाटलं, मानपत्र वाचणाऱ्याची जीभ अडखळली असेल. त्यांनी मोठेपणाने स्मित केलं.

"आपण आमच्या तालुक्याचे सूर्य आहात," पडद्यावरचा गृहस्थ म्हणाला.

"ह्या सूर्याला अजून गिझर लावता येत न्हाई."

आता लोक खुर्च्यांवर हात मारून हसत होते. नाना हात जोडून चहूकडे मान लववत होते. इतका दिलखुलास प्रतिसाद त्यांना यापूर्वी मिळाला नसावा. माळी सर प्रोजेक्टरपाशी धावले, पण तिथे बसलेला माणूस स्वतःच डोळे पुसत होता. सुहासने माझा दंड धरला. "हे काय आहे?" मला पुढचं माहीत होतं.

पडद्यावर नाना भाषणाला उभे राहिले. त्यांनी आभार मानले, गुरुजनांचं स्मरण केलं. मग म्हणाले, "आणि माझी सहधर्मचारिणी. आज सकाळपासून ती हसतमुखाने माझ्या तयारीत गुंतलेली आहे. तिच्या या हसऱ्या चेहऱ्याचं बळ घेऊनच मी..."

"त्या दिवशी सकाळी माझी आई गेली," आईंचा आवाज आला. "सावळजहून माणूस निरोप घेऊन आला होता. हे म्हणाले, कार्यक्रम झाल्यावर जाऊ. आत्ता रडलीस तर चेहरा सुजेल, शूटिंगमधे वाईट दिसेल. मी गेले तवर तिथं राख झाली होती."

हसणं एकदम थांबलं. पडद्यावरचे नाना बोलतच होते, त्याग, समर्पण, संस्कार. कुणी ऐकत नव्हतं. खुर्चीतल्या नानांना आता काय चाललंय ते कळेना. इतका वेळ हसणारे लोक गप्प का झाले ते त्यांना समजेना. त्यांनी शेजारी वाकून आईंना विचारलं. मी समोरच असल्यामुळे मला त्यांच्या ओठांवरून कळलं. "काय झालं?"

आईंनी त्यांना सांगितलं. दोन-तीन शब्दांत सांगितलं असावं. नानांनी तेव्हा पहिल्यांदा मान वळवून पडद्याकडे बघितलं. तिथे आई मागच्या खुर्चीत बसल्या होत्या आणि हसत होत्या. मोठ्या पडद्यावर ते हसू कसलं होतं ते लांबूनही दिसत होतं.

माळी सरांनी एकदाची वायर ओढली.

त्यानंतर कार्यक्रम ठरल्याप्रमाणे पार पडला, कारण कार्यक्रम थांबवायचा कसा हे समितीला माहीत नव्हतं. शाल झाली, श्रीफळ झालं, पाच जणांची भाषणं झाली. कुणीच नानांना सूर्य म्हणालं नाही. निवेदकाने सवयीने "सौभाग्यवती हौसाताईंचा सत्कार" असं पुकारलं आणि मग स्वतःच चरकला. आई उठल्या, नारळ घेतला आणि यावेळी न वाकता खुर्चीत जाऊन बसल्या. सत्काराला उत्तर द्यायला नाना उभे राहिले. खिशातले कागद त्यांनी काढले, चष्मा लावला, चष्मा काढला.

"मी आभारी आहे," ते म्हणाले आणि बसले.

टाळ्या वाजवायच्या की नाही, हे लोकांना समजेना. जेवणाची वेळ झाली होती, म्हणून सगळे उठले.

घरी कुणी कुणाला काही विचारलं नाही. सुहास चाकणला परत गेला, जाताना आईच्या पाया पडला आणि बराच वेळ तसाच वाकून राहिला. नाना बैठकीच्या खोलीत पेपर वाचत बसायचे. आई त्यांचं ताट वेळेवर वाढायच्या. माझ्यावर नाना रागावतील अशी माझी अपेक्षा होती. ते रागावले नाहीत. त्यांना कदाचित मी बघून घ्या म्हणाले होते ते आठवलं असावं, किंवा त्यांचं माझ्याकडे लक्षच नसावं.

फोन मात्र येत होते. ती सीडी मिळेल का, असं लोक विचारत होते. तालीम मंडळाने विचारलं. ज्येष्ठ नागरिकांच्या दोन्ही संघांनी वेगवेगळं विचारलं. वाचनालयाच्या बाई म्हणाल्या की आमच्या महिला वाचकांना हवी आहे, आणि आणखी असतील तर त्याही.

एका दुपारी नाना माझ्यासमोर येऊन उभे राहिले. हातात तोच डबा.

"राहिलेल्या सीड्या कधी करतेस?"

"करायच्यात अजून?"

"तशाच करायच्या. टीव्हीवर लावून." ते थांबले. "तिला बसव बरोबर."

"आईंना?"

"लोक मागतायत," नाना म्हणाले. "माझं भाषण आजपर्यंत कुणी मागून नेलेलं नाही. माळी सरांना मी दिली होती एक. ती त्यांनी घरी कुंडीखाली ठेवलीय. मी बघितलंय."

आई आतून ऐकत होत्या. त्या दारात आल्या.

"मी बसणार न्हाई."

"लोकांना आवडतंय, हौसा."

"आवडू दे. मला सांगायचं होतं ते सांगून झालं. आता तुमचं तुम्ही बघा."

नानांनी डबा खाली ठेवला. मग मला म्हणाले, "ती पुरस्काराची लाव. कॅमेरा चालू कर आणि तू जा."

मी सगळं लावून दिलं आणि दार लोटून घेतलं. आतून मानपत्र ऐकू आलं, मग भाषण. टाळ्या, सनई, आणि शांतता. नाना बाहेर आले ते सरळ चपला घालून फिरायला गेले.

मी आत जाऊन शूट झालेलं कॉम्प्युटरवर घेतलं आणि तपासायला बसले. आई पदराला हात पुसत माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. मानपत्र पूर्ण झालं, त्यावर कुणी काही बोललं नव्हतं. सूर्यावरही नाही. नुसतं एकदा खाकरल्यासारखं झालं. मग पडद्यावरचे नाना त्या वाक्याला आले. आज सकाळपासून ती हसतमुखाने माझ्या तयारीत गुंतलेली आहे. आणि त्या खणखणीत आवाजाच्या खालून नानांचा आताचा, म्हातारा, जेमतेम कळणारा आवाज आला.

"ती रडत होती. मी तिला गप्प केलं."

पुढे पुन्हा सगळं भाषणच होतं. ते संपेपर्यंत आई हलल्या नाहीत.

"आवाज किती बारीक आलाय त्यांचा," त्या म्हणाल्या. "मोठा करता येत न्हाई का तेवढाच?"

"तेवढाच नाही येत, आई. तो वाढवला की भाषणाचाही वाढतो. सगळं एकात एक आहे."

त्यांनी खुर्चीच्या पाठीवरचा हात काढला.

"मग राहू दे तसाच," त्या म्हणाल्या. "मला ऐकू आलं."